काचेवर तीनदा

१

जेवण झालं, हात पुसले, की सुपरवायझर शिट्टी गळ्यात अडकवायचे आणि काठी घेऊन बाहेर पडायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कारखान्यात मशिनींच्या दोन रांगांमधून ज्या चालीने फिरत, त्याच चालीने ते आता घरांच्या दोन रांगांमधून फिरत. मधे एक गल्ली, दोन्ही बाजूंना बैठी घरं, प्रत्येक घराला लोखंडी फाटक आणि फाटकासमोर गुडघ्यापर्यंत खाली उतरलेली काचेची खिडकी. गल्लीच्या शेवटी भिंत. पुढे रस्ता नाही. तेव्हा इथे पाऊल टाकणारा माणूस एक तर इथला, नाहीतर चोर, असं त्यांचं सरळ गणित होतं.

चोर यायचे तेही भर दुपारी. कामाला जाणारे कामावर, पोरं शाळेत, घरात उरलेली म्हातारी माणसं डुलक्या काढतायत, अशा वेळी. एकदा कोणी 'मीटर बघायला आलोय' म्हणून शिरला आणि कपाट साफ करून गेला. दुसऱ्यांदा तर एक बाई फाटकाबाहेर 'मेले हो, घोटभर पाणी द्या' म्हणून ओरडत बसली. दार उघडलं, तशी तिच्यामागून दोघे आत घुसले. मग गल्लीची बैठक बसली, आरडाओरडा झाला आणि शेवटी सगळ्यांच्या माना सुपरवायझरांकडे वळल्या. त्यांना तेवढंच हवं होतं. घरी बसून त्यांचा जीव उबगला होता.

त्यांनी नियम घातले. गस्तवाल्याने फाटकावर काठीने दोनदा वाजवायचं. घरात जो असेल त्याने आतून काचेवर तीनदा वाजवायचं. दार उघडायचं नाही. पडदा सारायचा नाही, कारण घरात कोण एकटं आहे हे बाहेरून दिसता कामा नये. घरी कोणी नसेल तर फाटकाला फडकं बांधायचं. टकटक आली, घर ठीक, पुढे चला. नाही आली, तर शिट्टी, आणि सगळ्यांनी धावायचं. हाकांना मात्र भुलायचं नाही, बाहेरच्या नाही आणि आतल्याही नाही. आत चोर असला तर तोही हाकच मारेल.

"आणि समजा," समोरच्या घरातले कंडक्टर म्हणाले. हे गृहस्थ जन्मभर बसमध्ये घंटी मारून निवृत्त झाले होते आणि कुठल्याही बैठकीत टिंगल केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "समजा टकटकही आली आणि मागून हाकही आली, तर?"

"तर टकटक खरी," सुपरवायझर म्हणाले. "मशीन बोलत नाही, वाजतं. वाजणं बरोबर, तर सगळं बरोबर. मी आयुष्यभर तेच ऐकत आलोय."

घरी बायकोने विचारलं, "आणि मी पडले-झडले तर हो?"

"काच वाजव."

"पडल्यावर काच कशी वाजवू?"

"मग वाजणार नाही. वाजली नाही की मी शिट्टी मारीन. म्हणजे कळेलच ना!"

"त्यापेक्षा फेरीत एकदा आत डोकावून गेलात तर काय पाय झिजतील?"

"नियम सगळ्यांना सारखा," ते म्हणाले. तिने ताटं उचलली आणि जरा जोरातच मोरीत आदळली. मी काय मशीन आहे का, असं ती पुटपुटली. त्यांनी ते ऐकलं, पण कामाचा आवाज नव्हता म्हणून सोडून दिलं.

२

गस्तीला त्यांच्याबरोबर टेलरबाई असत. नवरा परगावी नोकरीला, मशीन चालवून चालवून पाठ धरलेली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, म्हणून त्या गस्तीत आल्या. तोंडाने फटकळ, पण पायाने पक्क्या.

थोड्याच दिवसांत सुपरवायझरांचे कान तयार झाले. टेलरबाईंच्या सासूबाई आधाराच्या काठीने वाजवत, तेही काच फोडायच्याच बेताने. "माझा राग काढतात हो त्या काचेवर," टेलरबाई म्हणत. कंडक्टर नाण्याने वाजवत आणि वर आतून ओरडत, "चला, जाऊ द्या पुढे!" भिंतीलगतच्या शेवटच्या घरात एकटे कंपाउंडर राहत. ते दोनदा वाजवत आणि तिसरं विसरत. गस्त पुढे निघाली की मागून तिसरं येई, चुकलेल्या पोरासारखं. आणि सुपरवायझरांची बायको? पहिल्या दोन टकटकी हलक्या, तिसरी बोटातल्या अंगठीने खणकन. म्हणजे 'ऐकलं, निघा आता.'

एक दिवस कंपाउंडरांची तिसरी टकटक वेळेवर आली.

टक, टक, टक. तिन्हींचं वजन सारखं, तिन्हींमधलं अंतर सारखं. सुपरवायझर थबकले. कारखान्यात एखादं कुरकुरणारं मशीन तेलपाणी करून एकदम सुरळीत चालायला लागावं, तसं त्यांना वाटलं.

"सुधारला म्हणायचा कंपाउंडर," ते म्हणाले.

"मला नाही बाई बरं वाटलं," टेलरबाई म्हणाल्या. "आज काहीतरी वेगळंच वाजलं."

"वेगळं नाही. बरोबर वाजलं. तुम्हाला बरोबरची सवय नाही, त्याला मी काय करू?"

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशीही. फाटकाला लटकवलेल्या पिशवीत दुधाच्या पुड्या साठत चालल्या होत्या आणि त्यांतली एक फुगून टम्म झाली होती. टेलरबाईंनी पिशवीकडे बोट दाखवलं. "हे बघा. दूध घ्यायला माणूस फाटकापर्यंत येत नाही, आणि काच वाजवायला खिडकीशी येतो?"

"उत्तर देतोय ना? मग झालं. दुधावर आपली गस्त नाही."

टेलरबाईंनी पिशवीकडे बघितलं, सुपरवायझरांकडे बघितलं, आणि नाकाला पदर लावून पुढे चालू लागल्या. कसला तरी वास येत होता. उन्हाळ्यात दूध नासतंच, असं सुपरवायझर स्वतःशी म्हणाले.

३

कंपाउंडरांची मुलगी आली ती फोन उचलला जात नाही म्हणून. दार आतून बंद होतं. कंडक्टर आणि आणखी दोघांनी खांदा लावून ते उचकटलं.

कंपाउंडर स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पालथे पडले होते. तोंड पुढच्या खोलीकडे. डॉक्टर आले, त्यांनी नाकाला रुमाल लावला, बघितलं, आणि म्हणाले, "बरेच दिवस झालेत. पडल्यापडल्याच गेले असणार." मुलगी भिंतीला टेकून खाली बसली आणि लोकांकडे बघून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, "तुम्ही रोज येत होतात ना? रोज येत होतात ना तुम्ही?"

कोणी तिच्या नजरेला नजर दिली नाही. टेलरबाई रडत होत्या. सुपरवायझर मात्र पुढच्या खोलीत गेले आणि त्यांनी पडदा बाजूला करून खिडकी बघितली. त्यांना स्वतःला वाटत होतं की ते खात्री करतायत. खरं तर त्यांना त्या मुलीसमोरून बाजूला व्हायचं होतं.

काचेवर धुळीचा थर होता. वर कुठेच बोट लागलेलं नव्हतं. फक्त अगदी खाली, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, काचेच्या कोपऱ्यात धूळ पुसली गेली होती. रुपयाएवढी स्वच्छ जागा. उभ्या माणसाचा हात तिथे पोचला नसता.

"हे बघा!" सुपरवायझर जवळजवळ आनंदाने ओरडले. "पडल्यावर सरपटत आला असेल बिचारा. खालून वाजवलं. म्हणून निराळं वाजलं."

टेलरबाईंनी डोळे पुसले. "आणि वाजवून परत स्वयंपाकघरात जाऊन मेले? रोज?"

डॉक्टरांचा अंदाज चुकतो कधीकधी, एवढं म्हणून सुपरवायझर बाहेर आले. बाहेर ऊन रखरखत होतं आणि फाटकावरच्या पिशवीवर माशा घोंगावत होत्या.

४

माणसाची बुद्धी एकदा मार खाऊन आली की आधी दुसऱ्यावर उठते. सुपरवायझर उठले ते कंडक्टरांवर.

"हा तुमचा चावटपणा तर नव्हता ना?"

कंडक्टर खुर्चीतून अर्धवट उठले. एरवी हसणारा माणूस, चेहरा पार उतरला. "अहो, मी आयुष्यभर घंटी मारली ती जिवंत माणसांसाठी. मेलेल्या माणसाच्या खिडकीवर वाजवत बसेन मी? एवढीच का माझी किंमत केलीत?"

सुपरवायझर खाली मान घालून परतले. मग त्यांनी काच हलवून बघितली. सैल असेल तर वाऱ्याने वाजत असेल. काच घट्ट होती. पाण्याचा नळ कुठून जातो ते बघितलं. तो मागच्या भिंतीतून जात होता. फाटक पोकळ आहे, काठीचाच आवाज घुमून परत येत असेल, असं म्हणून त्यांनी फाटक दहादा ठोकून बघितलं. फाटक फाटकासारखंच वाजलं.

मुलगी घर बंद करून निघून गेली. फाटकाला फडकं बांधलं गेलं. म्हणजे नियमाप्रमाणे तिथे वाजवायचं काही कारण नव्हतं. तरी सुपरवायझर थांबले.

"नका हो," टेलरबाई म्हणाल्या. "पाया पडते तुमच्या, नका वाजवू."

त्यांनी वाजवलं. दोनदा. आणि श्वास रोखून उभे राहिले. आतून काही आलं नाही. भिंतीवर बसलेला कावळा उडाला, तेवढंच.

"बघा!" सुपरवायझर म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "काही नव्हतं आणि नाही."

परत फिरताना त्यांची चाल पुन्हा कारखान्यातली झाली. समोरच्या रांगेत त्यांचं स्वतःचं घर होतं. रोजच्या सवयीने त्यांनी आपल्याच फाटकावर काठी दोनदा मारली.

टक, टक, टक.

५

वजन सारखं. अंतर सारखं. अंगठीची खणक नाही.

टेलरबाईंनी त्यांचा दंड धरला. आजवर कधी धरला नव्हता. "आत जा."

"अहो बाई, ती रुसलीये. सकाळी बोलणं झालंय आमचं." आणि झालंही होतं. मेलेल्या माणसाची खिडकी बघून आलात, जिवंत बायकोची कधी बघणार, असं ती म्हणाली होती, आणि ते शिट्टी-काठी उचलून न जेवताच निघून गेले होते, ते गस्तीपर्यंत घरी फिरकलेच नव्हते.

"रुसली तर रुसली. आत जाऊन तोंड बघून या. दार तुमचं, कुलूप तुमचं, बायको तुमची. कोण अडवतंय?"

कोणी अडवत नव्हतं. किल्ली खिशात होती. सुपरवायझरांचा हात खिशापर्यंत गेलासुद्धा. पण समोरच्या ओट्यावरून कंडक्टर बघत होते. त्या आरोपानंतर तोंड फुगवून बसलेले. आता आपण आपल्याच टकटकीवर भरवसा नाही म्हणून कुलूप उघडलं, तर हा माणूस गल्लीभर करेल, असं सुपरवायझरांच्या मनात आलं. मग नियमाला कोण विचारणार? उद्या प्रत्येक जण आपल्या घरापुरती सूट मागेल.

"उत्तर आलंय," ते म्हणाले. "पुढे चला."

टेलरबाईंनी त्यांचा दंड सोडला.

फेरी संपली. आणि फेरी संपल्यावर तरी घरी जावं की नाही? पण नाही. कंडक्टरांशी झालेलं भांडण मिटवावं म्हणून सुपरवायझर त्यांच्या ओट्यावर बसले, चहा झाला, दुसरा झाला, कंडक्टरांनी जुन्या बसचे किस्से काढले. सुपरवायझर हसले. बऱ्याच दिवसांनी मनापासून हसले. उन्हं कलली तेव्हा ते घरी आले आणि दार उघडलं.

मोरीतला नळ वाहत होता. बायको मोरीत पडली होती, एक पाय नको तसा वळलेला, ओठ निळे पडलेले, लुगडं पाण्याने चिंब. ती शुद्धीवर होती. तिने त्यांच्याकडे बघितलं.

६

खुब्याचं हाड मोडलं होतं. सकाळी, ते बाहेर पडल्यावर थोड्याच वेळात ती घसरली होती. दवाखान्यात ऑपरेशन झालं. वय बघता उठून चालणं अवघड आहे, जपा, असं डॉक्टर म्हणाले. जपा म्हणजे काय, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी, सुपरवायझर पलंगाशेजारी स्टुलावर बसले असताना, ती छताकडे बघत बोलायला लागली.

"हाका मारून मारून घसा बसला माझा. मग तुमची काठी ऐकली फाटकावर. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, आता काच वाजणार नाही. आता हे शिट्टी मारतील. आता येतील."

सुपरवायझर हातातला रुमाल चुरगाळत राहिले.

"आणि पुढच्या खोलीत वाजलं. काचेवर. तीनदा." तिने मान वळवली. "मला वाटलं, तुम्हीच. नियम मोडून आत आलात आणि बाईंना कळावं म्हणून काच वाजवलीत. मी म्हटलं, अहो, इकडे, मोरीत आहे मी."

"मग?"

"मग तुम्ही आलात. मोरीच्या दारापर्यंत. दार लोटलेलं होतं, फटीतून सावली दिसली मला खाली. आणि तिथेच थांबलात." तिचे डोळे कोरडे होते. "तुम्ही थांबता ना, बाहेर, तसेच. मी हाका मारतेय आणि तुम्ही दाराबाहेर. किती वेळ! तुम्हीच होतात ना हो ते?"

नाही म्हणावं, तर ते कोण होतं? हो म्हणावं, तर बायको मोरीत तळमळत असताना हा नवरा दारात उभा राहून परत गेला. दोन्हीतून एक निवडायचं होतं, आणि ती वाट बघत होती. आजारी माणूस आहे, भीतीने जाईल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे 'नाही' हा शब्द उच्चारायची त्यांचीच छाती नव्हती.

"हो," ते म्हणाले. "मीच होतो."

तिने भिंतीकडे तोंड केलं.

"मग आत का नाही आलात?" तिने भिंतीला विचारलं.

७

ती घरी आली ती मागच्या खोलीत, पलंगावर. सुपरवायझर स्वयंपाक करत, औषधं देत, भांडं धरत. सगळं वेळच्या वेळी. पण खोलीत शिरताना त्यांचे पाय अडखळत, आणि दारातूनच ते विचारत, "काय हवं नको?" कारण आत गेलं की ती डोळ्यांत बघायची आणि तो खोटा 'हो' त्यांना आठवायचा.

"आत यायचं असेल तेव्हा या," ती म्हणायची. "दारात उभं राहून विचारू नका मला. फार झालं ते."

त्यांनी गल्लीची बैठक बोलावली आणि गस्त बंद करा म्हणाले.

"का?" लोकांनी विचारलं. "एक चोरी झाली का सांगा तेव्हापासून?"

झाली नव्हती. सुपरवायझर उभ्या उभ्या घाम पुसत राहिले. काय सांगणार? त्यांनी एवढंच सांगून बघितलं की टकटक झाली म्हणजे आत माणूस ठीक असेलच असं नाही. टेलरबाई खाली बघत होत्या. बाकीचे एकमेकांकडे बघत होते. बायकोच्या दुखण्याने माणूस खचलाय, असं कोणीतरी हळूच म्हणालं.

कंडक्टरांनी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. टिंगल नव्हती, खरी माया होती, आणि तीच जास्त झोंबली. "तुम्ही घर सांभाळा, वहिनींना बघा. शिट्टी द्या इकडे. तुमचेच नियम आहेत हो, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देणार नाही."

सुपरवायझरांनी शिट्टी गळ्यातून काढून दिली. काठीही दिली.

पुढे रोज दुपारी काठी फाटकावर वाजे, आणि सुपरवायझर धावत जाऊन स्वतः काच वाजवत. जोरात, घाईघाईने, दुसरं कोणी वाजवायच्या आत. मग पडद्याकडे पाठ न करता मागे मागे सरकत.

८

पण असं किती दिवस धावणार? एका सकाळी त्यांनी ठरवलं. आज वाजवायचं नाही. आपण वाजवलं नाही की एक तर शिट्टी होईल, सगळे धावत येतील, आणि मनातलं हे भूत कायमचं जाईल. नाहीतर जे वाजवतंय ते डोळ्यांनी दिसेल. आणि काहीही झालं तरी आज आत जाऊन पलंगावर बसायचं, तिचा हात धरायचा आणि सांगायचं, 'तो मी नव्हतो.' मग ती घाबरू दे, रागावू दे, काहीही होऊ दे. एकदा ठरवल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले.

जेवण झालं. बायकोची वाटी त्यांनी धुऊन ठेवली. मागच्या खोलीचं दार अर्धवट लोटलं आणि पुढच्या खोलीत, खिडकीसमोर, खुर्ची टाकून बसले. पडदा बंद होता. उन्हाने कापड पिवळं दिसत होतं. दाराला वरची, मधली आणि खालची, अशा तिन्ही कड्या घातलेल्या होत्या. चोऱ्यांनंतर त्यांनीच बसवून घेतल्या होत्या.

गल्लीतून काठ्यांचे आणि चपलांचे आवाज जवळ येत गेले. कंडक्टर काहीतरी सांगत होते, टेलरबाई हुंकार देत होत्या. फाटकावर दोनदा वाजलं.

सुपरवायझरांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

काही झालं नाही. आता शिट्टी, त्यांच्या मनात आलं. मार रे बाबा, मार आता शिट्टी.

पडद्याचा खालचा भाग हलला. वारा नव्हता. गुडघ्याएवढ्या उंचीवर, पडदा आणि काच यांच्यामधे, कापड हळूहळू बाहेर फुगलं, पाठ वाकवून कोणी खिडकीकडे तोंड करून बसावं तसं. त्या फुगवट्याने श्वास घेतला. आणि काचेवर वाजलं.

टक, टक, टक.

"तो मी नव्हतो!" सुपरवायझर खुर्चीतून उडालेच. "कंडक्टर! अहो, मी वाजवलं नाही! आत या! दार तोडा!"

बाहेर पावलं थांबली.

"अहो, सुपरवायझर हाका मारतायत," टेलरबाईंचा आवाज आला.

"टकटक आली ना?" कंडक्टर म्हणाले.

"आली, पण..."

"मग टकटक खरी. बैठकीत मीच विचारलं होतं, आठवतं का? परीक्षा घेतायत आपली. पक्का माणूस आहे हो, हाडाचा सुपरवायझर!" ते हसले. "ठीक आहे सुपरवायझर, पास झालो आम्ही! चला बाई."

"मला नाही बरं वाटत," टेलरबाई म्हणाल्या. पण त्यांनाही एकदा 'पुढे चला' असं सांगितलं गेलं होतं, आणि त्या ते विसरल्या नव्हत्या. चपला पुढे गेल्या.

सुपरवायझर दाराकडे धावले. वरची कडी काढली. मधली अडकली, ती हिसडून काढली. खालच्या कडीसाठी वाकावं लागत होतं, आणि वाकलं की पडद्याचं टोक गालाशी येत होतं. ते वाकले. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांनी बघितलं.

पडदा सपाट होता. मागे कोणी नव्हतं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात फक्त रुपयाएवढी वाफ धरलेली होती, आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत विरत होती.

त्यांचा हात कडीवर तसाच राहिला. दार आता उघडेल, बाहेर ऊन आहे, माणसं आहेत, एवढं त्यांना कळत होतं. तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे, घराच्या आतल्या बाजूला, लाकडावर वाजलं. मागच्या खोलीच्या दारावर. अगदी खाली.

टक, टक, टक.

"आलात?" बायकोचा आवाज आला. किती वर्षांत त्यांनी तिचा असा आवाज ऐकला नव्हता, मऊ, थोडा लाजलेला, राग धुऊन निघालेला. "या ना हो आत. आपल्याच घरात कसलं ठोठावताय? उघडंच आहे दार."

सुपरवायझर कडी सोडून वळले.

मागच्या खोलीचं दार करकरत पूर्ण उघडलं. मग पलंगाची फळी वाजली, कोणी बसल्यावर वाजते तशी.

"बसा," ती समाधानाने म्हणाली. "असे जवळ बसा. मला ठाऊक होतं, एक दिवस तुम्ही आत याल."